तारीख कोणाच्या बापाची?

महाराष्ट्र विधानसभेचे मतदारसंघ मोजत गेलात की शेवटचा नंबर येतो २८८. तो जत. सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, पुढं कर्नाटक. मुंबई-पुण्याच्या वसतिगृहात, चाळीत, झोपडपट्टीत हे पान वाचणाऱ्या दोस्तांनो, तुमच्यातल्या बहुतेकांनी जतचं नाव ऐकलं असेल ते दुष्काळाच्या बातमीत. टँकर, चारा छावणी, बाभळी. याच जतवर उभं राहून आज निवडणुकीच्या तारखेचं बोलायचं आहे. निवडणुकीची तारीख कायद्यानं आधीच बांधून टाकावी की राज्यकर्त्याच्या मर्जीवर सोडावी, असा सवाल आहे. विषय कोरडा वाटेल. जतला कोरड्याचं काय कौतुक!

मार्च २०२२ मध्ये सांगली जिल्हा परिषदेची मुदत संपली. पंचायत समित्यांचीही संपली. सदस्य घरी गेले, मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक म्हणून बसले. पुढं जत नगरपरिषदेचं तेच झालं, ऑगस्ट २०२३ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचंही तेच. नगरपरिषदेचं मतदान झालं डिसेंबर २०२५ मध्ये, महापालिकेचं जानेवारी २०२६ मध्ये, आणि जिल्हा परिषदेचं फेब्रुवारी २०२६ मध्ये. म्हणजे २०१७ च्या फेब्रुवारीत ज्या बाईनं जिल्हा परिषदेला बोटाला शाई लावून घेतली, तिनं पुन्हा शाई पाहिली ती नऊ वर्षांनी. पाच वर्षांचं राज्य आणि चार वर्षांची साहेबशाही.

आता घटना काय म्हणते बघा. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनं पंचायती आणि नगरपालिकांची मुदत पाच वर्षं ठरवली. नुसती पाच नाही, पाचाच्या वर एक दिवस नाही, असं बजावून. मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक पुरी झाली पाहिजे. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये हेच ठणकावलं होतं. म्हणजे गावपातळीवर आपल्याकडे तारीख बांधलेलीच आहे. इंग्लंड-कॅनडाच्या पुस्तकात ज्याची चर्चा चालते ते आपल्या घटनेत लिहूनच ठेवलंय. आणि तीच तारीख चार वर्षं खुंटीला टांगली गेली.

कशी टांगली? ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ओबीसींचं स्थानिक आरक्षण द्यायचं तर आधी आयोग नेमा, संस्थागणिक आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. सरकारजवळ आकडे नव्हते. डिसेंबरात अध्यादेशाला स्थगिती आली. मग बांठिया आयोग, जुलै २०२२ मध्ये त्याला मान्यता. वाटलं, आता होईल. तर प्रभाग किती आणि सदस्य किती याचं भांडण. महाविकास आघाडीनं संख्या वाढवली, शिंदे-फडणवीस सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये ती पुन्हा खाली आणली, मामला कोर्टात, कोर्ट म्हणालं जैसे थे. जैसे थे म्हणजे प्रशासक जैसे थे. ६ मे २०२५ ला कोर्टानंच चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून हुकूम दिला, मग ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिलं.

ओबीसी बांधवांची जागा हा त्यांचा हक्क होता, त्यासाठी ते भांडले ते बरोबरच केलं. त्यांच्या नावावर बिल फाडू नका. आकडे गोळा करायचं काम मंत्रालयाचं होतं. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. या चार वर्षांत दोन वेगवेगळ्या आघाड्या सत्तेवर होत्या, एकमेकांच्या नरड्यावर बसलेल्या. पण प्रशासक हटवा म्हणून दोघांपैकी कोणाची झोप उडाली असं दिसलं नाही. जिल्ह्याचा अधिकारी थेट मुंबईला जबाबदार असला की मुंबईला बरंच असतं. निवडून आलेला सदस्य, मग तो कितीही भुरटा असो, सभेत उठून ओरडतो तरी.

ओरडणाऱ्यात आपली माणसं किती होती ते विचारा. जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत अनुसूचित जातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या. गावगाड्यात ज्या बाईला पाटलाच्या वाड्यासमोरून चप्पल घालून जायची चोरी होती, तिची नात पंचायत समितीत खुर्चीवर बसते ती या तरतुदीमुळं. बसते म्हणजे तिचा नवरा बसतो, सही ती करते, असं हिणवणारे आहेत. असू द्यात. सही तरी करत होती. चार वर्षं ती सहीसुद्धा साहेबाची.

जिल्हा परिषदेनं आपल्या उत्पन्नातला वीस टक्के पैसा मागासवर्गीयांच्या कल्याणाला लावायचा असतो. दलित वस्तीची योजना, तिला आता लांबलचक सरकारी नाव आहे, तीही जिल्हा परिषदेच्या हातून जाते. समाजमंदिर कुठल्या वस्तीत, गटार कुठल्या गल्लीत, दिवा कुठल्या खांबावर, हे समाजकल्याण समितीत भांडून ठरतं. भांडणारेच नाहीत म्हटल्यावर काय ठरलं आणि कोणाच्या चिठ्ठीवर ठरलं? भला अधिकारी असेल तर चांगलंही झालं असेल. पण भल्याच्या भलेपणावर जगायचं असतं तर गावकुसाबाहेरच बरे होतो की आपण.

आणखी एक बारीक गोम. राखीव जागा फिरत्या असतात. आज या गटात, पाच वर्षांनी त्या गटात. चक्र पाच वर्षांच्या ठोक्यावर चालायचं. ठोका चुकला की चक्र रुततं. २०१७ ला ज्या गटात आपली जागा नव्हती, तिथला पोरगा २०२२ ची वाट बघत होता. पंचविशीतला पोरगा २०२६ ला तिशीच्या घरात. तोवर २०२५ मध्ये नवे नियम आले आणि चक्र पुन्हा पहिल्या फेरीपासून मोजायला घेतलं. जुन्या हिशेबानं ज्याची पाळी आली असती त्याला आता सांगणार काय? थांब, पुढची गाडी येईल?

नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ आठवा. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई उठले आणि जत तालुक्यातली चाळीस गावं आमची म्हणाले. २०१२ च्या दुष्काळात पाणी मिळेना म्हणून सीमेवरच्या चाळीसएक गावांनी कर्नाटकात जातो असा ठराव केला होता, तो त्यांनी वर काढला. इकडं टीव्हीवर मराठी अस्मितेचे फटाके. तिकडं कर्नाटकानं तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी जतच्या हद्दीत सोडून दाखवलं. मग आपल्या सरकारला जाग आली आणि सुमारे दोन हजार कोटींच्या विस्तारित म्हैसाळ योजनेची घाई सुरू झाली. दहा वर्षं तहानलेल्या गावांना दोन राज्यं एकदम पाणी पाजायला धावली.

का धावली? कर्नाटकची विधानसभा निवडणूक होती मे २०२३ मध्ये. मुदत ठाऊक, महिना ठाऊक, त्या हिशेबानं पाणी सुटलं. हे तारीख बांधण्याच्या विरोधातलं एक कलम म्हणून मांडायला हरकत नाही. तारीख आधी कळली की पुढारी चार वर्षं झोपतो आणि पाचव्या वर्षी भगीरथ होतो. अमेरिकेत तारीख पक्की, म्हणून तिथं प्रचार दोन-दोन वर्षं चालतो आणि पैशाचा महापूर येतो. खरं आहे. पण त्याच डिसेंबरात इकडं काय होतं? चाळीस गावांवर दोन राज्यं भांडत होती आणि त्या गावांच्या वतीनं सांगलीच्या सभागृहात बोलायला जिल्हा परिषदेचा एकही निवडलेला सदस्य नव्हता. जिथं तारखेचा अंदाज होता तिथनं निदान पाणी आलं. जिथं तारीखच मारली होती तिथं पायपुसणं ठेवायलासुद्धा कोणी नव्हतं.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. लोकसभा-विधानसभेची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. पण त्याच्या अलीकडं केव्हाही मोडायची सोय राज्यकर्त्याच्या हातात. इंदिरा गांधींनी डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा मोडली, वर्षभर आधी निवडणूक घेतली आणि १९७१ ला झाडून जिंकल्या. त्याच लोकसभेची मुदत १९७६ मध्ये संपत आली तेव्हा आणीबाणी होती. त्यांनी ती दोनदा वाढवून घेतली. वर ४२ व्या घटनादुरुस्तीनं पाचाची सहा वर्षं केली. ती पुन्हा पाच व्हायला जनता राजवटीतली ४४ वी दुरुस्ती लागली. जिंकायची खात्री असली की आधी, हरायची भीती असली की नंतर. एकाच माणसाच्या हातात दोन्ही चाव्या.

मर्जीच्या तारखेनं दर वेळी साधतं असंही नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्रात युतीचं सरकार, नारायण राणे मुख्यमंत्री. मुदतीला सहाएक महिने असताना विधानसभा मोडून लोकसभेबरोबर निवडणूक उरकून घेतली. विरोधक फुटलेले, शरद पवारांनी नुकताच वेगळा पक्ष काढलेला, हीच वेळ असं गणित. निकालानंतर दोन्ही काँग्रेस एक झाल्या आणि सत्ता गेली. २००४ ला वाजपेयी सरकारनं चमकणाऱ्या भारताच्या जाहिराती लावून लोकसभा लवकर घेतली. तेही गेले. हसायला येतं. पण जुगार हरला म्हणून जुगारी साधू ठरत नाही. पत्ते पिसायचा हक्क त्याच्याच हातात का, हा प्रश्न उरतोच.

२०२४ चं तर ताजं आहे. हरियाणा आणि महाराष्ट्र, २००९, २०१४, २०१९ तिन्ही वेळा एकत्र मतदान. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगानं हरियाणाची तारीख जाहीर केली, महाराष्ट्राची मागं ठेवली. कारण पाऊस आणि सणवार. (पाऊस! जतमध्ये ऑगस्टात पाऊस पडला तर लोक पेढे वाटतील.) लाडकी बहीण योजना जूनअखेरच्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली, रक्षाबंधनाला पहिले हप्ते खात्यात, नोव्हेंबरचा हप्ता ऑक्टोबरातच. मतदान २० नोव्हेंबरला, विधानसभेची मुदत २६ ला संपणार. आयोगानं सरकारला मदत केली असा पुरावा माझ्याजवळ नाही आणि तसा आरोप मी करत नाही. दीड हजार रुपये घेतले म्हणून कुठल्या माउलीला मी नावं ठेवणार नाही, तिचेच पैसे तिला मिळाले. मुद्दा एवढाच की मुदतीआधीच्या सहा महिन्यांत तारीख कुठंही ठेवायची मोकळीक असली की संशयाला जागा राहते. तारीख कायद्यात छापलेली असती तर ना आयोगाला पावसाचं निमित्त सांगावं लागतं, ना आपल्याला हप्ते मोजावे लागतात.

मग टाका बांधून एकदाची, असं म्हणाल. थांबा. ज्यांनी बांधली त्यांचं काय झालं ते बघा. ब्रिटननं २०११ मध्ये कायदा केला, दर पाच वर्षांनी ठरल्या दिवशी निवडणूक. दोन पक्षांचं सरकार, एकमेकांवर भरवसा नाही, म्हणून ही गाठ. त्या कायद्यानं ठरल्या दिवशी झालेली निवडणूक एकच, २०१५ ची. २०१७ ला दोनतृतीयांश मतांनी पळवाट काढली, २०१९ ला साध्या बहुमताचा वेगळा कायदा करून तारीख बदलली, २०२२ ला मूळ कायदाच रद्द. कॅनडानं २००७ मध्ये कायदा केला आणि २००८ मध्ये ज्या पंतप्रधानानं तो केला त्या हार्पर यांनीच लवकर निवडणूक लावली. सुंभ जळाला, पीळ राहिला म्हणतात. इथं सुंभही त्यांचाच, पीळही त्यांचाच.

पण याहून खोल अडचण बाबासाहेबांनी दाखवून ठेवलीय. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं होतं, की राज्यकारभार स्थिर हवा आणि जबाबदारही हवा, पण दोन्ही सारख्या मापानं मिळत नाहीत. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब दोनदा होतो. एक रोजच्या रोज सभागृहात, प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास मांडून. दुसरा ठरावीक काळानं मतदाराकडून. मसुद्यानं स्थैर्यापेक्षा जबाबदारी पसंत केली. आता डोकं लावा. सरकारची मुदत आणि निवडणुकीची तारीख एकत्र घट्ट बांधली, सरकार पडलं तरी तारीख हलायची नाही म्हटलं, तर रोजच्या हिशेबाची वही बंद होते. पडलेलं सरकार कुबड्या घेऊन चालत राहतं. आमदार विकत घ्यायचा बाजार तेजीत येतो. २०१९ ते २०२२ या काळात महाराष्ट्रानं एकाच विधानसभेत किती शपथविधी बघितले? लोकांना पुन्हा विचारावं असं एकालाही वाटलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आलेलं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक, एक देश एक निवडणूक, नेमकी ही गाठ मारतं. विधानसभा मधेच मोडली तर नवी येईल ती उरलेल्या मुदतीपुरती. स्वीडनमध्ये असंच आहे म्हणतात, आहे खरं. पण आपल्याकडे राज्याचा मतदार दोन वर्षांसाठी सरकार निवडणार, म्हणजे भाड्याची खोली अकरा महिन्यांच्या करारावर. आणि गंमत बघा. दिल्लीच्या तारखेला सगळी राज्यं बांधणाऱ्या या विधेयकातच आयोगाला सोयीचं वाटलं नाही तर एखाद्या राज्याची निवडणूक पुढं ढकलायची वाट ठेवलीय. कोविंद समितीनं स्थानिक संस्थांचंही सुचवलं होतं. विधेयकात त्या नाहीत. ज्या निवडणुका चार वर्षं झाल्याच नाहीत, त्यांचं नावच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. गाठ मारायची ती पलीकडच्या टोकाला. मुदत संपली की त्यापुढं एक दिवस कोणी खुर्चीत राहू नये आणि रिकाम्या खुर्चीत साहेब बसू नये. प्रभागांचं, आरक्षणाचं, आकड्यांचं काय भांडायचं ते मुदत संपण्याच्या वर्षभर आधी संपवा. नाही संपलं तर जुन्या रचनेवर मतदान घ्या. अलीकडचं टोक मोकळं ठेवा, पण त्याची चावी मुख्यमंत्र्याच्या खिशात नको. सभागृहाचा विश्वास गेला तरच मोडता येईल, हवा चांगली आहे म्हणून नाही.

काही मित्र म्हणतील, निवडणूक हाच तमाशा, तू वगाची वेळ कसली ठरवत बसलास? जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरनं मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारला होता, रक्त सांडलं होतं, तो इतिहास आपला आहे. मान्य. पण बहिष्कार टाकायलाही निवडणूक असावी लागते, गड्यांनो. सत्ताधाऱ्यांना तेव्हा घाम फुटला, कारण समोर तारीख होती. सांगलीत चार वर्षं बहिष्कार टाकायलासुद्धा काही नव्हतं.

आता शेवटी तारखेच्या महिन्याचं, कारण तिथंच आपला माणूस चिरडतो. अमेरिकेची नोव्हेंबरमधली तारीख १८४५ च्या कायद्याची. नोव्हेंबर का? पिकं निघालेली, बर्फ पडायचंय. मंगळवार का? रविवार चर्चचा, सोमवार प्रवासाचा. म्हणजे गोऱ्या शेतकऱ्याच्या सवडीनं तारीख बांधली. त्या शेतात राबणाऱ्या काळ्या गुलामाला मतच नव्हतं, त्याची सवड कोण विचारतो? आजही तो मंगळवार देशभर सुटीचा नाही, आणि रोजंदारीवरचा माणूस खाडा धरून रांगेत उभा राहतो.

आपली सवड कोण विचारतं? दसरा-दिवाळीला जतच्या पूर्व भागातल्या वस्त्यांवरून, तांड्यांवरून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत पोरं, म्हातारी, कोंबडी. वाळव्याला, कोल्हापूरला, कर्नाटकात. परत यायचे मार्च-एप्रिलला. आता तारखा लावा. विधानसभा २० नोव्हेंबर. नगरपरिषद डिसेंबर. जिल्हा परिषद फेब्रुवारी. तिन्ही उसाच्या फडात. मुकादम सोडेल तर माणूस गावी येणार, उमेदवार गाडी पाठवेल तर येणार, आणि ज्याची गाडी त्याचंच मत, हे सांगायला पंचांग नको. फिरत्या मजुराला टपाली मत नाही. परगावाहून मत देण्याचं यंत्र आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला काढलं, पक्ष बिथरले, यंत्र परत कपाटात. अशा हंगामात तारीख कायमची बांधली तर फडातला मजूर कायद्यानंच कायमचा बाद होईल. आज निदान चुकून कधी सुटतो.

फेब्रुवारी २०२६ च्या मतदानानं निवडून आलेल्या सांगली जिल्हा परिषदेची पाच वर्षं संपतील २०३१ च्या सुरुवातीला. म्हणजे पुन्हा फड, पुन्हा कोयता. घटना म्हणते मुदतीआधी निवडणूक पुरी करा. किती आधी, त्याला आडकाठी घालत नाही. तेव्हा टोळ्या निघायच्या अगोदर, सप्टेंबर २०३० मध्ये मतदान घ्या, कारभार मुदतीनंतर हाती घेऊ द्या, त्यासाठी राज्याच्या कायद्यात दुरुस्ती करा, ही मागणी आत्तापासून लावून धरता येते. ती घेऊन जतच्या तहसील कचेरीवर जायचं असेल तर ऑक्टोबरच्या आत जा. नंतर मोर्चाला माणसं गावात सापडणार नाहीत.